निकोल ल द्वारँ यांच्या संशोधनाचे मोल कसे ठरवावे: एका तंत्राची पुण्याई, की त्याहून अधिक काही?

आद्यस्तर (प्रश्न)

आमच्या वाचनगटात या सत्रासाठी असे ठरले आहे की प्रत्येकाने एक विकासजीवशास्त्रज्ञ निवडावा आणि त्याचे चरित्र न सांगता त्याच्या संशोधनाचा हिशेब मांडावा. कोणते निष्कर्ष टिकले, कोणते दुरुस्त करावे लागले आणि इतरांच्या कामाला त्यामुळे कोणती दिशा मिळाली, एवढेच बोलायचे आहे. मी फ्रेंच भ्रूणवैज्ञानिक निकोल ल द्वारँ यांची निवड केली आहे. १९३० साली ब्रिटनीतील लोरियाँ येथे जन्म, काही वर्षे शाळेत अध्यापन, एतिएन वोल्फ यांच्या मार्गदर्शनाखाली १९६४ साली प्रबंध, मग नाँत विद्यापीठ, १९७५ पासून नोजाँ-स्युर-मार्न येथील भ्रूणविज्ञान संस्थेचे संचालकपद आणि १९८८ पासून कोलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापकपद, हा सांगाडा मला ठाऊक आहे. बटेर आणि कोंबडी यांच्या संयुक्त भ्रूणांचे तंत्र त्यांचे, हेही अर्थात ठाऊक आहे.

माझी अडचण वेगळी आहे. गटातील रेणवीय जीवशास्त्राच्या एका सहकाऱ्याने निवड ऐकताच तीन आक्षेप घेतले. पहिला असा की हे सारे काम सूक्ष्मदर्शकाखाली योगायोगाने दिसलेल्या एका गोष्टीवर उभे आहे. दुसरा असा की जनुकीय खुणा आणि चमकणारी प्रथिने आल्यानंतर ते तंत्र आता संग्रहालयात ठेवण्याच्या लायकीचे झाले आहे. तिसरा असा की १९६९ चा मूळ निबंध फ्रेंचमध्ये आणि फारशा न वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात असल्यामुळे संदर्भगणनेच्या साधनांत तो ठळकपणे दिसतच नाही, मग प्रभाव दाखवणार कशावरून? जाणकारांनी कृपया सांगावे, की तंत्र बाजूला ठेवले तर ल द्वारँ यांच्या खात्यावर नेमके काय उरते?

---

सूक्ष्मदर्शक

आपल्या सहकाऱ्यांच्या पहिल्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तो अर्धा खरा आहे आणि म्हणूनच दिशाभूल करणारा आहे.

योगायोग होता तो एवढाच की जपानी बटेराच्या पेशींत, विभाजन चालू नसतानाही, हेटरोक्रोमॅटिनचा (घट्ट गुंडाळलेल्या डीएनएचा) एक मोठा गोळा केंद्रकातील केंद्रिका या लहान पिंडाला चिकटून राहतो. फॉयल्गेन पद्धतीने डीएनए रंगवला की बटेराच्या प्रत्येक केंद्रकात गडद ठिपका दिसतो. कोंबडीच्या पेशींत हेच द्रव्य बारीक कणांच्या रूपात विखुरलेले असते. आता विचार करा, की बटेराचे काप रंगवून पाहणारे लोक त्यापूर्वी झालेच नसतील का? ठिपका पाहून ‘ही पेशीची ओळख आहे, आणि ती पेशीच्या सर्व वंशजांत कायम राहील’ असे म्हणण्यासाठी त्या प्रश्नाची भूक आधीपासून लागलेली असावी लागते.

ल द्वारँ यांना ती लागलेली होती, कारण त्यांचा प्रबंध यकृताच्या उत्पत्तीवर होता. पचननलिकेचा अंतःस्तर (भ्रूणाच्या तीन मूळ थरांपैकी सर्वांत आतला) स्वतःहून यकृत बनत नाही. त्याला आधी हृदयाजवळच्या मध्यस्तराचा (मधल्या थराचा) आणि मग आसपासच्या मध्यस्तराचा सहवास मिळावा लागतो, हे त्यांनी कोंबडीच्या भ्रूणात प्रयोगाने दाखवले होते. अशा प्रयोगात दोन ऊती एकत्र वाढवल्या की शेवटी तयार झालेल्या अवयवातील कोणती पेशी कोणाची, हा वाद उरतोच. बटेराचा अंतःस्तर आणि कोंबडीचा मध्यस्तर घेतला, की वाद केंद्रकातील ठिपक्यावर मिटतो. मूळ निबंधाच्या लांबलचक शीर्षकातच ऊतींमधील परस्परक्रिया आणि पेशींचे स्थलांतर असे दोन्ही उपयोग नोंदवलेले आहेत. ठिपका दिसला आणि मग उपयोग शोधला असे घडलेले नाही.

तंत्राचे महत्त्व कळण्यासाठी त्याआधी काय होते तेही सांगायला हवे. दोन जातींच्या ऊती जोडून त्यांच्या नैसर्गिक फरकाचा खुणेसारखा वापर करण्याची कल्पना जुनी आहे. १९२४ साली श्पेमान आणि हिल्डे मान्गोल्ड यांनी वेगवेगळ्या रंगद्रव्याच्या दोन जातींच्या न्यूटवर हाच डाव टाकला होता. पण भ्रूण वाढू लागला की त्या रंगावरून ओळख पटवणे अवघड होत जाते. पक्ष्यांत जेम्स वेस्टन यांनी १९६० च्या दशकात ट्रिशियमयुक्त थायमिडीनने (डीएनएच्या किरणोत्सर्गी घटकाने) पेशी खुणावल्या आणि न्यूरल क्रेस्टच्या (भ्रूणाच्या पाठीकडे तात्पुरत्या दिसणाऱ्या पेशींच्या पट्टीच्या) स्थलांतराचे सुरुवातीचे मार्ग त्यातून चांगले दिसले, परंतु प्रत्येक विभाजनागणिक ही खूण निम्मी होते आणि भरभर वाढणाऱ्या ऊतीत लवकरच दिसेनाशी होते. बटेराच्या केंद्रकातील खूण विरळ होत नाही, शेजारच्या पेशीत झिरपत नाही आणि अंड्यातून पिल्लू बाहेर आल्यावरही तशीच राहते. प्रश्न ‘पेशी कोणत्या दिशेने निघाली’ एवढाच न राहता ‘तिचे शेवटी काय झाले’ इथपर्यंत विचारता येऊ लागला, आणि ही उडी लहान नाही.

यकृताचा धागा पुढे कुठे गेला तेही पाहा. १९९९ साली केनेथ झॅरेट यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या भ्रूणात दाखवले की हृदयाकडून येणारा तो संकेत म्हणजे एफजीएफ या वाढीच्या घटकांच्या गटातील प्रथिने. प्रश्नाची मांडणी ल द्वारँ यांच्या १९६४ च्या प्रबंधातली आणि उत्तराचे रेणू पस्तीस वर्षांनंतरचे. आपल्या सहकाऱ्यांना रेणू आवडतात, म्हणून हे उदाहरण त्यांना जरूर द्या. त्यात बटेराचा प्रश्नच येत नाही, कारण तो प्रबंध बटेराच्या आधीचा आहे.

---

मज्जारज्जू

वरील प्रतिसादाला पुरवणी जोडतो. ‘तंत्र बाजूला ठेवले तर काय उरते’ याचे माझे उत्तर: न्यूरल क्रेस्टचा संपूर्ण नकाशा, आणि तो काढताना खोटी ठरलेली किमान एक मोठी कल्पना.

न्यूरल क्रेस्ट ही चेतानलिका (मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून बनतात ती भ्रूणातील नळी) मिटताना तिच्या पाठीकडील कडेवर तात्पुरती दिसणारी पेशींची पट्टी. विल्हेल्म हिस यांनी १८६८ साली कोंबडीच्या भ्रूणात तिची नोंद केली. या पेशी लवकरच पट्टी सोडून शरीरभर विखुरतात, आणि म्हणूनच त्यांचे पुढे काय होते हे शंभर वर्षे वादात राहिले. डोक्यातील काही कूर्चा बाह्यस्तरातून येते असे जूलिया प्लाट यांनी १८९३ साली लिहिले, तेव्हा हाडे आणि कूर्चा मध्यस्तरातूनच यायला हव्यात या समजुतीपायी त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. स्वेन हॉर्स्टाडियस यांचा १९५० चा ग्रंथ मुख्यतः उभयचरांच्या प्रयोगांवर आधारलेला होता. पक्ष्यांचे आणि सस्तन प्राण्यांचे काय, हे उघडेच होते.

ल द्वारँ आणि त्यांच्या सहकारी मारी-एमे तेये यांनी जे केले ते करायला सोपे नव्हते. कोंबडीच्या भ्रूणातून चेतानलिकेचा ठरावीक लांबीचा तुकडा, क्रेस्टच्या पेशी बाहेर पडण्यापूर्वीच काढायचा आणि त्याच जागी, त्याच वयाच्या बटेराच्या भ्रूणातील तेवढाच तुकडा बसवायचा. वय सोमाइटांच्या (चेतानलिकेच्या दोन्ही बाजूंना ओळीने बनणाऱ्या मध्यस्तराच्या गोळ्यांच्या) जोड्या मोजून ठरवायचे. मग अंडे उबवायचे आणि सर्व अवयवांचे काप घेऊन ठिपकेवाल्या पेशी कुठे कुठे आहेत ते पाहायचे. डोक्यापासून शेपटीपर्यंत पातळी बदलत हा प्रयोग केला की पत्त्यांची वही तयार होते. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार आतड्यातील चेतागुच्छ पहिल्या ते सातव्या सोमाइटाच्या पातळीवरून निघालेल्या पेशींपासून बनतात आणि अठ्ठाविसाव्या सोमाइटाच्या मागच्या भागातून आतड्याच्या शेवटच्या टप्प्याला थोडी भर मिळते. अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यातील पेशी अठराव्या ते चोविसाव्या सोमाइटाच्या पातळीवरून येतात. नवजात बालकांतील हिर्शस्प्रुंग आजारात मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतागुच्छच नसतात. तिथे नेमके काय अडले असावे याचा विचार आज प्रत्येक बालशल्यचिकित्सक पेशींच्या याच प्रवासाच्या भाषेत करतो, मग त्याने ल द्वारँ यांचे नाव ऐकलेले असो वा नसो.

यानंतरची पायरी मला अधिक मोलाची वाटते. पत्ता कळला म्हणजे स्वभाव कळला असे नाही, हे ओळखून त्यांनी तुकड्यांची अदलाबदल केली. अधिवृक्काकडे जाणाऱ्या पातळीवरचा बटेराचा तुकडा कोंबडीच्या मानेजवळ बसवला, तेव्हा त्या पेशी आतड्यात शिरल्या आणि ॲसिटिलकोलीन वापरणाऱ्या चेतापेशी बनल्या. उलट, डोक्याकडचा तुकडा खाली बसवला, तेव्हा त्याच्या पेशी अधिवृक्क ग्रंथीत पोचून ॲड्रेनलीन गटाची संप्रेरके बनवू लागल्या. हे निबंध १९७४-७५ चे आहेत. निघतेवेळी पेशींचे व्यवसाय ठरलेले नसतात, वाटेत आणि मुक्कामी मिळणारे संकेत ते ठरवतात, हा निष्कर्ष आज पाठ्यपुस्तकातील एक वाक्य झाला आहे. त्या काळी तो मुळीच गृहीत नव्हता.

आता खोट्या ठरलेल्या कल्पनेविषयी. लंडनच्या हॅमरस्मिथ येथील पीअर्स यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस मांडले होते की पेप्टाइड संप्रेरके बनवणाऱ्या, शरीरभर विखुरलेल्या अंतःस्रावी पेशींत रासायनिक साम्य आहे आणि त्या बहुधा सगळ्या न्यूरल क्रेस्टमधूनच येत असाव्यात. कल्पना देखणी होती, विकृतिशास्त्रात ती झपाट्याने पसरली आणि अर्बुदांच्या वर्गीकरणापर्यंत पोचली. ल द्वारँ यांच्या गटाने ती सरळ तपासली. कॅल्सिटोनिन बनवणाऱ्या पेशी क्रेस्टमधून येतात, मानेतील धमनीजवळच्या कॅरोटिड पिंडाच्या पेशीही येतात, हे पीअर्स यांच्या बाजूने गेले. पण आतड्याच्या अस्तरातील अंतःस्रावी पेशी आणि स्वादुपिंडाच्या बेटांतील पेशी यांत बटेराचा ठिपका सापडला नाही. त्या अंतःस्तराच्याच होत्या. एकच रसायन वापरणाऱ्या पेशी एकाच कुळातल्या असतील असे गृहीत धरता येत नाही, हा धडा कुठल्याही रेणवीय जीवशास्त्रज्ञाने आजही डोळ्यांसमोर ठेवावा. एका गटाने दुसऱ्याची कल्पना अर्धी उचलून धरावी आणि अर्धी पाडावी, तीही एकाच पद्धतीने आणि आवाज न चढवता, हे विज्ञानात वाटते तितके वारंवार घडत नाही.

---

शंकासूर

वरच्या दोन्ही प्रतिसादांतील तथ्यांशी मी सहमत आहे. परंतु प्रश्नकर्तीने हिशेब मागितला आहे, आणि हिशेबात नावेची बाजूही येते, म्हणून थोडे विरोधी सूर लावतो.

पहिली गोष्ट कवटीची. क्रिस्तियान ल लिएव्र यांच्यासोबतच्या १९७५ च्या निबंधाने चेहऱ्याचा सांगाडा क्रेस्टमधून येतो हे पक्के केले. ते टिकले आहे, यात वाद नाही. पण १९९३ साली जेरार कुली आणि कोल्टे यांच्यासह ल द्वारँ यांनी कवटीच्या तिहेरी उगमाचा जो नकाशा दिला, त्यात कपाळाचे हाड आणि त्यामागचा भित्तिकास्थी हे दोन्ही पूर्णपणे क्रेस्टच्या नावावर चढवले. ड्रू नोडन यांनी त्याच बटेर-कोंबडी तंत्राने त्याआधीच सीमा वेगळी दाखवली होती आणि कपाळाच्या हाडाचा मागचा भाग मध्यस्तराला दिला होता. पुढे उंदरात जनुकीय खुणांनी पाहिले, तेव्हा कपाळाचे हाड क्रेस्टचे आणि भित्तिकास्थी मध्यस्तराचा निघाला. म्हणजे तंत्र तेच असूनही कलम कोणत्या वयात केली, किती लांबीची केली आणि सोबत शेजारची कोणती ऊती आली, यावर उत्तर हलू शकते. ‘ठिपका खोटे बोलत नाही’ हे खरे आहे, पण कलम करणारा हात अजाणता जादा काही बसवू शकतो.

याचेच दुसरे उदाहरण नोडन यांच्याच खात्यावर आहे आणि ते ल द्वारँ यांच्या बाजूने जाते. नोडन यांनी १९८३ साली जबड्याकडे जाणारी क्रेस्ट भ्रूणाच्या घशाभोवतीच्या दुसऱ्या कमानीच्या पातळीवर बसवली आणि तिथे जबड्यासारखाच जादा सांगाडा तयार झाला. त्यावरून क्रेस्टच्या पेशी आराखडा सोबत घेऊनच निघतात, असा समज जवळपास वीस वर्षे टिकला. २००२ साली दोन वेगवेगळ्या गटांनी तो हलवला. ट्रेनर आणि क्रुमलॉफ यांच्या गटाने दाखवले की त्या कलमेत मध्यमेंदू आणि पश्चमेंदू यांच्या सीमेवरील ऊतीचा अंश आलेला असावा आणि तिच्या एफजीएफ संकेतामुळे परिणाम फिरला असावा. त्याच वर्षी कुली, क्रूझे आणि ल द्वारँ यांच्या गटाने दाखवले की घशाच्या अंतःस्तराची लहान पट्टी काढली की चेहऱ्याचा ठरावीक भाग बनत नाही, जादा बसवली की तो भाग दोनदा बनतो आणि पट्टी फिरवून बसवली की कूर्चाही फिरते. तेव्हा ल द्वारँ बहात्तर वर्षांच्या होत्या आणि आपल्याच लाडक्या पेशींकडून आराखड्याचे श्रेय काढून घेत होत्या, याची नोंद घ्यावी. मात्र लगेच पुढच्या वर्षी श्नायडर आणि हेल्म्स यांनी बदक आणि बटेर यांची क्रेस्ट परस्परांत बसवून दाखवले की चोचीचा जातीनुरूप आकार क्रेस्टच ठरवते. त्यामुळे या प्रश्नावर अंतिम शब्द कोणाचाच नाही.

दुसरी गोष्ट तंत्राच्या मर्यादांची. बटेराचे अंडे सोळा-सतरा दिवसांत उबते, कोंबडीचे एकवीस दिवसांत. पक्ष्यांच्या आकारमानातही मोठा फरक आहे. आरंभीच्या भ्रूणात हा फरक चालून जातो, पुढे तो त्रास देतो. शिवाय पिल्लू बाहेर आल्यानंतर त्याची प्रतिकारसंस्था बटेराच्या ऊतीवर तुटून पडते. १९८८ साली बालाबान आणि तेये यांच्यासह ल द्वारँ यांनी बटेराच्या मेंदूचे भाग कोंबडीत बसवून आरवण्याची जातीनुरूप लय काही पिल्लांत संक्रमित झाल्याचे ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केले. वाचकांना ते फार भावले, मात्र अशा पिल्लांचे आयुष्य थोडे असल्यामुळे ती दिशा अरुंद राहिली. वर्तनाच्या अभ्यासावर त्याचा प्रभाव क्रेस्टच्या नकाशाइतका आहे असे कोणी म्हटले तर मी मान्य करणार नाही.

---

अस्थिमज्जा

शंकासूर यांनी प्रतिकारसंस्थेचा उल्लेख मर्यादा म्हणून केला. वस्तुतः त्याच मर्यादेतून ल द्वारँ यांच्या कामाचा असा भाग निघाला आहे जो भ्रूणविज्ञानाच्या वर्गात क्वचितच शिकवला जातो, आणि प्रभाव मोजताना तो वगळला तर चित्र अर्धे राहील.

थायमस या प्रतिकारसंस्थेच्या ग्रंथीमधील लसिकापेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) थायमसच्याच अस्तरातून रूपांतराने बनतात, की बाहेरून रक्तावाटे येतात? १९६० च्या दशकात दोन्ही बाजूंना प्रतिष्ठित नावे होती. ल द्वारँ आणि फ्रान्सीन जोतरो यांनी १९७५ साली बटेराच्या थायमसचा अंकुर कोंबडीत आणि कोंबडीचा बटेरात वाढवला. अस्तर दात्याचे आणि लसिकापेशी यजमानाच्या, असे स्वच्छ उत्तर मिळाले. इतकेच नव्हे, तर या पूर्वजपेशी सतत झिरपत नसून ठरावीक अवधींत लाटांनी शिरतात, हेही दिसले. त्याच वर्षी नोजाँ येथील फ्रान्स्वाज दितर्लेन-लिएव्र यांनी बटेराचा अख्खा भ्रूण कोंबडीच्या पीतक-कोशावर बसवला. रक्ताच्या मूलपेशी पीतक-कोशातून येतात ही तेव्हाची प्रचलित समजूत. प्रत्यक्षात पुढच्या आयुष्यात टिकणारे रक्त भ्रूणाच्या स्वतःच्या शरीरातून आले होते. सस्तन प्राण्यांत महाधमनीच्या परिसरातून रक्ताच्या मूलपेशी उगवतात हे पुढे १९९० च्या दशकात प्रस्थापित झाले, त्याची पहिली ठोस सूचना इथली आहे. हे काम दितर्लेन-लिएव्र यांचे आहे, ल द्वारँ यांचे नव्हे, हे मुद्दाम सांगतो. पण खूण त्यांनी दिलेली होती, आणि तंत्र शोधणाऱ्याचा प्रभाव अशाच वाटेने पसरतो.

आता नकाराचा मुद्दा. बटेराच्या पंखाचा अंकुर कोंबडीच्या भ्रूणात बसवला की पंख छान वाढतो आणि पिल्लू बाहेर आल्यावर काही काळाने नाकारला जातो. १९८७ साली ओकी, मार्टिन, कॉर्बेल, कोल्टे आणि ल द्वारँ यांनी दाखवले की पंखासोबत त्याच बटेराच्या थायमसचे अस्तरही भ्रूणावस्थेत बसवले, तर पंख टिकून राहतो. शिवाय यजमानाच्या थायमसचा काहीच भाग बटेराचा असला तरी हे घडते. याचा अर्थ काढताना अवघडल्यासारखे होते. परक्याला ओळखणाऱ्या सर्वच पेशी नष्ट झाल्यामुळे सहिष्णुता आली, असे म्हणावे तर यजमानाच्या स्वतःच्या अस्तरातून सुटलेल्या पेशींचे काय? त्यांना आवर घालणाऱ्या दुसऱ्या पेशी थायमसमध्येच तयार होत असाव्यात, असा तर्क त्यातून पुढे आला. आवर घालणाऱ्या टी-पेशींची कल्पना त्या काळात प्रतिष्ठा गमावून बसली होती, अशा वेळी हे प्रयोग तिच्या बाजूने उभे राहिले, याला महत्त्व आहे.

हृदयाकडेही एक फांदी जाते. मार्गारेट कर्बी यांनी १९८३ साली याच तंत्राने दाखवले की हृदयातून निघणारी महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांना वेगळे करणाऱ्या पडद्यात क्रेस्टच्या पेशी असतात. जन्मजात हृदयदोषांच्या अभ्यासाची एक अख्खी शाखा त्यावर उभी आहे आणि कर्बी यांचे काम अमेरिकेतील जॉर्जियात झालेले आहे, नोजाँत नव्हे.

---

आद्यस्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शंकासूर यांनी दिलेली कवटीची हकिगत मी नक्की घेणार आहे, कारण नुसते कौतुक ऐकवले तर आमचा गट मला सोडणार नाही.

एक गोष्ट अजून नीट उलगडलेली नाही. मज्जारज्जू यांनी सांगितलेल्या अदलाबदलीच्या प्रयोगांत पेशींचा मोठा समूह एकदम हलवलेला आहे. मग एकच पेशी अनेक व्यवसायांना लायक होती, की समूहात आधीच वेगवेगळ्या व्यवसायांच्या पेशी मिसळलेल्या होत्या आणि नव्या जागी त्यांतल्या योग्य तेवढ्याच जगल्या? कलमेचे तंत्र हे सांगू शकेल असे मला वाटत नाही. शिवाय संदर्भगणनेच्या आक्षेपाला अजून कोणी हात घातलेला नाही.

---

मज्जारज्जू

आपली शंका अगदी रास्त आहे आणि ती खुद्द ल द्वारँ यांनाही होती. समूहाच्या प्रयोगातून निवड आणि रूपांतर हे वेगळे काढता येत नाहीत. म्हणूनच १९८० च्या दशकात त्यांच्या गटाचे काम अंड्यातून निघून संवर्धनाच्या ताटलीत गेले. बारोफ्यो, द्युपँ आणि ल द्वारँ यांनी १९८८ साली बटेराच्या स्थलांतर करणाऱ्या क्रेस्टमधील एकेक पेशी वेगळी करून वाढवली आणि एका पेशीपासून काय काय निपजते ते पाहिले. उत्तर दोन्ही बाजूंचे निघाले: काही पेशींपासून चेतापेशी, आधारपेशी आणि रंगद्रव्यपेशी असे अनेक प्रकार निपजले, तर काहींपासून एकच. त्याच वर्षी मरियान ब्रॉनर-फ्रेझर आणि स्कॉट फ्रेझर यांनी जिवंत भ्रूणात एकेका पेशीत रंगद्रव्य सोडून अनेकविध वंशज दाखवले. पुढे कित्येक वर्षे बहुगुणी पेशी किती आणि एकमार्गी किती यावर मतभेद राहिले. २०१५ साली उंदरात बहुरंगी जनुकीय खुणांनी पाहिले, तेव्हा बहुसंख्य पेशी बहुगुणी आढळल्या. म्हणजे या प्रश्नाचा निकाल बटेराच्या ठिपक्याने लागला नाही आणि लागणारही नव्हता. पण तंत्राची हद्द जिथे संपते तिथे स्वतःच दुसरे तंत्र उचलणे, हे आपल्या सहकाऱ्यांच्या ‘एकाच तंत्रावर जगलेले संशोधन’ या आक्षेपाला सरळ उत्तर आहे.

---

सूक्ष्मदर्शक

संदर्भगणनेविषयी लिहितो. १९६९ चा निबंध ‘बुलेतँ बियोलोजिक द ला फ्रान्स ए द ला बेल्जिक’ या नियतकालिकात आला. इंग्रजी वाचकांनी तंत्र उचलले ते मुख्यतः १९७३ साली ‘डेव्हलपमेंटल बायॉलॉजी’मध्ये आलेल्या सहा पानांच्या टिपणावरून आणि नंतर १९८२ च्या ‘द न्यूरल क्रेस्ट’ या ग्रंथावरून. त्यामुळे मूळ निबंधाचे आकडे पाहून निष्कर्ष काढणे म्हणजे उगमापाशी नदीची रुंदी मोजण्यासारखे आहे. त्यातही, तंत्र जितके सर्वमान्य होते तितके त्याच्या जनकाचे नाव संदर्भसूचीतून गळत जाते. आज बटेराच्या पेशी ओळखायला फॉयल्गेन रंजक क्वचितच वापरतात, त्यासाठी बटेराच्या पेशींनाच चिकटणारी प्रतिपिंडे मिळतात. रक्तवाहिन्या आणि रक्तपेशींसाठीचे क्यूएच१ हे प्रतिपिंड नोजाँतूनच आले. हे प्रतिपिंड वापरणारा माणूस संदर्भ देतो तो प्रतिपिंडाचा.

गणनेऐवजी माणसांचा माग काढावा, असे मी सुचवीन. इस्रायलच्या खाया काल्खाइम नोजाँला येऊन गेल्या आणि ग्रंथाच्या १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या सहलेखिका झाल्या. ओलिविए पुरकिए यांचे शिक्षण नोजाँचे. १९९७ साली इझाबेल पाल्मेइरीं यांच्यासह त्यांनी सोमाइट ठरावीक तालात बनवणारे रेणवीय घड्याळ कोंबडीच्या भ्रूणात उजेडात आणले. त्या शोधात बटेराच्या ठिपक्याचा वाटा नाही, पण सोमाइट मोजत, भ्रूणाचे वय मिनिटांच्या हिशेबाने सांभाळत, अर्धा भाग कापून दुसऱ्या अर्ध्याशी ताडून पाहण्याची जी सवय त्यात दिसते, ती त्या घराण्याची आहे. संशोधनात घराणी असतात हे संगीत ऐकणाऱ्या आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

सन्मानांची यादी वाचनगटात वाचू नये असे माझे मत आहे. १९८६ चे क्योटो पारितोषिक आणि फ्रेंच राष्ट्रीय संशोधन केंद्राचे सुवर्णपदक यांचा एका वाक्यात उल्लेख पुरे. नोबेल का नाही, यावर वेळ घालवू नये. तिथे केवळ अंदाज हाती लागतात.

---

शंकासूर

शेवटची एक व्यावहारिक सूचना. दुसऱ्या आक्षेपावर, म्हणजे तंत्र कालबाह्य झाले यावर, फार ताणू नका. बहुतेक प्रयोगशाळांत आता चमकणारे प्रथिन बाळगणाऱ्या कोंबड्यांच्या ऊतीच बसवतात आणि दोन जातींची जुळवाजुळव टाळतात, हे खरेच आहे. मात्र कलम करण्याची क्रिया तीच आहे, फक्त खूण बदलली. आपल्या सहकाऱ्यांनी जनुकीय खुणांचा दाखला दिला, तर त्यांना विचारा की उंदरात क्रेस्ट खुणावण्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी डब्ल्यूएनटी१-क्री ही जनुकीय खुणेची पद्धत फक्त क्रेस्टच खुणावते का. ती चेतानलिकेच्या पाठीकडील पेशीही खुणावते, आणि मध्यमेंदूतही तिचा अंमल दिसतो. त्या पद्धतीने मिळालेला नकाशा क्रेस्टचाच आहे हे पटवताना बहुतेक निबंध पक्ष्यांतील नकाशाशी ताडून पाहतात, आणि तो नकाशा कोणाचा हे या धाग्यात सांगून झाले आहे. कपाळाच्या हाडाची चित्रे दाखवणार असाल, तर कुली यांची १९९३ ची, नोडन यांची आणि उंदराची अशी तिन्ही एकाच पानावर लावा. गटाला वाद तिथूनच घालू द्या.